काट्यापर्यंतचा हात

देवाला फूल वाहावे, तशा भक्तीने तो निरीक्षक दुकानांतली वजने तपासी. त्या दिवशी मात्र दुकान सख्ख्या मेव्हण्याचे होते, आणि किलोचे वजन हलके निघाले.

"दादा, घरचंच माणूस आहे रे!" बहिणीने हात जोडले.

तरी वजन त्याने जप्त केले.

बाहेर जमलेली गिऱ्हाइकांची गर्दी चेकाळली. "साहेब, आता भावही उतरवा! नाहीतर आम्ही दुकान लुटतो!"

तो दारात आडवा उभा राहिला. "काटा खरा ठेवणं आणि लूट थांबवणं, एवढंच सरकारचं काम. भाव पटला तर घ्या, नाहीतर पुढचं दुकान गाठा."

उगारलेला दगड हळूहळू खाली आला.

मागून मेव्हण्याने स्वतःच लपवलेले दुसरे खोटे वजन काढून त्याच्या हाती ठेवले.