तिसऱ्या खांबापाशी थांबणारा जावई

समजा, तुमच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आहे. हातात नटबोल्टांचं जड खोकं आहे, आणि ते स्टोअरच्या दारापासून दीडशे पावलांवरच्या जुळणीच्या टेबलापर्यंत न्यायचं आहे. तुम्ही काय कराल? पावलं मोजाल. चाळीस सरळ, मग डावीकडे वळायचं, मग एकशे दहा. पण पावलं काही सारखी पडत नाहीत. एखादं आखूड पडतं, एखादं तेलकट फरशीवर घसरतं. तुम्हाला वाटतं आलं टेबल, आणि प्रत्यक्षात तुम्ही लेथ मशीनच्या अंगावर निघालेले असता. म्हणून मधूनमधून हात लांब करून चाचपावं लागतं. हा खांब हाताला लागला, म्हणजे आपण अमुक ठिकाणी आहोत, आता मोजणी सुधारून घेऊ.

पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात हेच काम काटेमामा बावीस वर्षं करत होते, अर्थात उघड्या डोळ्यांनी आणि हातगाडीवरून. खोक्यावर दहा किलो लिहिलेलं असलं, तरी ते वजनकाट्यावर ठेवून पाहिल्याशिवाय मामा सही करत नसत. म्हणून हे नाव. घरी डॉक्टरने दिलेल्या गोळ्यासुद्धा ते आधी मोजून घ्यायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ती याच दारात काढायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मग कारखान्यात ती गाडी आली. गुडघ्याएवढी उंच, टेबलाएवढी रुंद, वर खोकी ठेवायला सपाट जागा. ती स्वतःच चालायची. वाटेत कोणी आलं की थांबायची, बाजूला झालं की पुढे जायची. तिच्यासाठी सगळ्यांनी वाट सोडायची, तिला धक्का लावायचा नाही, तिच्या अंगावर काही सांडायचं नाही, अशी सूचना फळ्यावर लागली. दुसऱ्याच दिवशी जुळणीवाल्या बायकांनी तिचं नाव जावई ठेवलं.

मामांना तिची काळी काच पहिल्यापासून खटकत होती. गाडीच्या पुढच्या अंगाला, नडगीच्या उंचीवर ती बसवलेली होती आणि तिच्याआड काहीतरी सतत गरगरत असायचं. मामा चहा प्यायला खांबाच्या आड जाऊ लागले.

"ती आपल्यावर नजर ठेवते," ते बायकोला म्हणाले. "मी किती वेळ उभा राहतो, कोणाशी बोलतो, सगळं वर कळवत असणार."

"अहो, गाडी आहे ती, सासू नाही," बायको म्हणाली. पण मामांची खात्री पटली नाही.

गाडी चालू करून देणारी इंजिनीअर परत गेली आणि वेगळंच सुरू झालं. जावई रुसू लागला. स्टोअरमधून नीट निघायचा, डावीकडे वळायचा आणि तिसऱ्या खांबापाशी थबकायचा. थोडा उजवीकडे सरकायचा, परत डावीकडे, मग लाल दिवा लावून केविलवाणं पीं पीं करत बसायचा. तिकडे टेबलावरच्या बायका हातावर हात ठेवून बसायच्या आणि मामांना हातगाडी काढावी लागायची. दिवसातून चार-चारदा.

फोरमनने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो मामांजवळ येऊन हळूच म्हणाला, "मामा, गाडी बंद पडली की तुमचा भाव वधारतो, नाही का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. शनिवारी गाडीच्या कंपनीची इंजिनीअर परत येतेय. कोणी मुद्दाम काही करत असेल, तर तिच्या संगणकात दिसेलच. तसं निघालं तर तुमची बदली मागच्या भंगार यार्डात. मी लिहून ठेवलंय."

बावीस वर्षांत एक स्क्रू इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि आता जाता जाता हा डाग. त्यांना दुसरीही शंका आली. वरचे लोकच गाडी मुद्दाम थांबवत असतील का? आपल्याला घालवायला?

त्यांनी खिशात खडू ठेवला. जावई जिथे रुसेल तिथे फरशीवर फुली मारायची आणि वेळ लिहायची. गुरुवार संपेपर्यंत तेरा फुल्या झाल्या. सगळ्या तिसऱ्या खांबाभोवती, एका परातीत मावतील एवढ्या जागेत. शुक्रवारी फोरमनने त्या पाहिल्या.

"आता कळलं," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "फरशीवर खुणा काढून गाडीला चकवताय होय?"

"चकवायचं असतं तर खाली वेळ कशाला लिहिली असती?" मामा म्हणाले. जुळणीवाली एक बाई तोंडाला पदर लावून हसली. पण फोरमन हसला नाही, आणि त्या दिवशी जेवायला मामांच्या शेजारी कोणी बसलं नाही.

शनिवारी इंजिनीअर आली. मामांच्या मुलीच्या वयाची, पाठीवर बॅग, पायात बूट. तिने आधी फुल्या पाहिल्या आणि विचारलं, "या कोणी काढल्या?"

फोरमनने मामांकडे बोट दाखवलं.

"बरं झालं. माझं निम्मं काम झालं," ती म्हणाली आणि खाली फरशीवरच बसून तिने लॅपटॉप उघडला. "या मामा, दाखवते."

मामा वाकले नाहीत. "आधी एक सांगा ताई. ती काच माझ्यावर नजर ठेवते का?"

"तिला तुम्ही फक्त दोन नडग्या दिसता, मामा. त्या काचेतून न दिसणारा प्रकाश बाहेर पडतो. तो कशावर तरी आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळतं. एका सेकंदात असं हजारो वेळा. शिवाय चाकं किती फिरली हे गाडी मोजत असते. पण चाक घसरतं, मोजणी बिघडते. मग ती काचेतून आलेली अंतरं आपल्याजवळच्या नकाशाशी ताडून पाहते आणि स्वतःची जागा सुधारून घेते."

"म्हणजे भिंत चाचपते."

"अगदी तसंच."

"आणि नकाशा कोणी दिला?"

"पहिल्या दिवशी मीच गाडी सगळीकडे फिरवली, तेव्हा तिनेच काढला. हा पाहा."

आता मामा गुडघ्यांवर हात टेकून वाकले. पडद्यावर काळ्या रेघा होत्या. हे स्टोअरचं दार, हे वळण, हे खांबांचे ठिपके. वळणापुढे एक लांब, सरळ, मोकळी वाट. मामांनी ती निरखून पाहिली आणि म्हणाले, "ताई, हा आमचा कारखाना नाही."

"असं कसं?"

"इथे भिंतीला लागून माल भरायचे पिंजरे असतात. मोकळे, लोखंडी, अकरा. हे बघा ना, समोरच उभे आहेत. तुमच्या नकाशात एकही नाही."

ती उठली. भिंतीला लागून, दोन फूट पुढे आलेले, एका ओळीत अकरा पिंजरे उभे होते.

"मी आले तेव्हा हे नव्हते," ती म्हणाली.

मग मामांनीच सांगितलं. कोणी पाहुणा येणार असला की आदल्या दिवशी वाटेतलं सगळं उचलून कँटीनच्या मागच्या खोलीत कोंबायचं, आणि पाहुण्याची पाठ फिरली की परत आणून ठेवायचं. वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं. यात सांगण्यासारखं काही आहे, असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुम्ही पहिल्यांदा येणार म्हणून फोरमनसाहेबांनीच आवरायला लावलं होतं. या खेपेला मात्र माझ्याविरुद्धचा पुरावा हलेल म्हणून कशाला हात लावू दिला नाही," ते म्हणाले. आवाजात खोच नव्हती. होती तरी थोडीच.

इंजिनीअर कपाळाला हात लावून हसली. "म्हणजे ही बिचारी पिंजऱ्यांच्या ओळीला भिंत समजते. भिंत इतक्या जवळ, म्हणजे आपणच दोन फूट बाजूला आलो, असं तिला वाटतं. म्हणून ती सरकते, आणि समोर खांब येतो. नकाशाप्रमाणे तिथे खांब असायलाच नको. मग काय करणार, बसते पीं पीं करत."

फोरमन घड्याळ पाहत होता. "कोणीतरी आधी सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"विचारलंत कुठे?" मामा म्हणाले.

दुपारी नकाशा नव्याने काढला. या वेळी तिने बजावलं, की काही आवरायचं नाही, रोज असतं तस्संच राहू द्या. पिंजरे, बादली, भिंतीला टेकवलेली शिडी, सगळं तिथल्या तिथे. जावई तिसऱ्या खांबावरून सुळकन निघून गेला, एकदा नाही, सहा वेळा. संध्याकाळी फोरमन स्टोअरच्या दारातून जाताना आत न बघता म्हणाला, "ते बदलीचं राहू द्या, मामा." माफी वगैरे काही नाही. मामांनीही ती मागितली नाही.

इंजिनीअर बॅग भरत होती तेव्हा ते तिच्याजवळ गेले.

"ताई, नकाशा एक सांगतो आणि काच दुसरंच दाखवते, तेव्हा गाडी विश्वास कोणावर ठेवते?"

"दोघांवर थोडा थोडा. कोणावर किती, ते आकडे असतात."

"आणि ते आकडे?"

"ते मी घालते."

"तुम्ही." मामांनी मान डोलावली, पण ती पटल्याची नव्हती. "म्हणजे तिला माझ्यावर संशय येऊ शकतो, पिंजऱ्यावर येऊ शकतो, स्वतःच्या चाकांवरही येतो. पण तिच्याजवळचा नकाशाच खोटा आहे, असा संशय तिला आपणहून कधी येईल का?"