आबांनी सुपारी टाकली नाही

पंचांत बसलं की किस्से साचतच जातात. एक झाडावा तर दुसरा येऊन पडतो. तापीकाठच्या कोरीट गावाच्या अंगाला आमचं गाव. तिथल्या पंचांत मी वयानं सगळ्यांत लहान, म्हणून सगळ्यांचं निमूट ऐकायचं काम माझ्याकडे!

आमची रीत अशी. जाजमाच्या मधे ताट, प्रत्येक पंचाच्या हाती एक सुपारी. पटलं की ती ताटात टाकायची. एक जरी सुपारी बाहेर राहिली, तरी ठराव झाला नाही.

या रीतीचा खरा फायदा उठवला आमच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या पंचानं, दगाआबांनी. पटलं नाही की ते सुपारी तोंडात धरून बसत. वरच्या हिरडीत एकच दात उरलेला. तो सुपारीत रुतवायचा आणि गप्प!

*

एकदा तापीच्या वाळूतल्या टरबुजांच्या वाड्यांवरून भांडण पेटलं. आमचं गाव, पलीकडच्या काठाचं गाव आणि नाववाले, तिघांनाही तीच वाळू हवी. सकाळी बसलो. दुपारपर्यंत सगळे नमले. आबा सोडून.

"आबा, आते तरी टाका!"

"मन्ही सुपारी मन्हा तोंडमा शे," आबा म्हणाले. "भूक तुम्हले लागेल शे."

संध्याकाळी कासावीस होऊन तिन्ही पक्षांनी आबांची वाटणी मान्य केली. तेव्हा कुठे सुपारी ताटात पडली. तिच्यावर एका दाताची खोल खाच होती.

*

आबा गेले. गेलेल्या पंचाची जागा आम्ही वर्षभर रिकामी ठेवतो. तिथं सुपारी ठेवायची, त्याला मत विचारायचं आणि शेजाऱ्यानं ती ताटात टाकायची. आबांच्या शेजारी बसत रहीमचाचा पिंजारी.

"चाचा, आता कोणी आडवं यायचं नाही!" मी म्हटलं.

चाचा हसले. रिकाम्या जागी हात टेकला आणि चटकन उचलला.

"जागा गरम शे," म्हणाले.

ऊन आलं असेल, म्हणून मी विषय उडवून लावला. आम्ही सावलीत बसलो होतो.

*

त्याच वर्षी पलेग आला. गाव ओस पडलं. आम्ही सगळे मळ्यांत झोपड्या बांधून राहिलो. माझ्या बायकोचे दिवस भरत आलेले.

"माले मन्हं घर जोयजे," ती रोज रडे. "झोपडीमा बाळंतपन कसं व्हई?"

माझा जीव तुटायचा. साथ जरा मंदावल्यासारखी वाटली, तेव्हा गावात परतायचं की नाही, यावर अखेर पंच बसले. सगळ्या सुपाऱ्या पडल्या, माझी सगळ्यांत आधी!

चाचांनी विचारलं, "आबा, तुम्हनं काय म्हननं शे?" आणि हात पुढे केला.

जागेवर सुपारी नव्हती. मी स्वतः ठेवली होती! जाजम झटकलं, धोतरं झटकली. कुठेच नाही.

"दुसरी ठेवा आणि मोकळे व्हा," मी चिडून ओरडलो.

"आबानी नही सांगी दिन्हं," चाचा म्हणाले. "बसा आते."

ठराव मोडला. मुलगी झोपडीतच झाली, गळत्या छपराखाली. दोघी सुखरूप होत्या, तरी मी आबांना पोटभर शिव्या घातल्या.

पलेग खरोखर ओसरल्यावर आमच्या घराचं कुलूप मीच उघडलं. चाचा सोबत होते. बाळंतिणीसाठी ठरवलेल्या खोलीत जमीन दिसत नव्हती, इतके उंदीर मरून वाळून गेलेले. खाटेवर मधोमध एक सुपारी होती.

चाचांनी ती उचलली. एका दाताची खाच बघितली आणि ती माझ्या तळहातावर ठेवली.

ती ओली होती.