चपला मोजणाऱ्या बाई

जगातल्या झाडून सगळ्या माणसांना पाच वर्षांचं समजणारी एकच बाई मी आयुष्यात बघितली, आणि ती नेमकी आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहायला आली. वाशीला तेव्हा बिल्डिंगा जास्त आणि माणसं कमी होती. मुंबईचा कांदा-बटाट्याचा बाजार खाडी ओलांडून इकडं आला, त्याच्यामागं आम्ही हमालही आलो. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. या बाईंनी मात्र आल्या आल्या तळमजल्यावरचा सोसायटीचा गाळा मागून घेतला, पुढच्या खोलीत बालवाडी थाटली, मागच्या खोलीत स्वतःचा स्टोव्ह मांडला आणि अख्ख्या बिल्डिंगला शिस्त लावायला घेतली. सकाळी दूधवाला आला की म्हणायच्या, "आला का आमचा दूधदादा! आज सांडलं नाही हं, शाब्बास!" तो चांगला मिशीवाला भय्या, पार लाजायचा. सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढणाऱ्या माणसाला खालून ओरडायच्या, "एक पाय वर, दुसरा पाय वर!" एकदा आमचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीवरून तावातावानं बोलायला आले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता मोठा श्वास घ्या. घेतला? आता हळू आवाजात पहिल्यापासून सांगा." सेक्रेटरींनी खरंच श्वास घेतला, आणि पुढं काय सांगायचं तेच विसरले. मला त्या आजोबा म्हणायच्या. मला नातू नाही, मूलच झालं नाही, तर नातू कुठून येणार? पण बाईंनी ठरवलं म्हणजे ठरलं.

त्यांच्या बालवाडीत पाटी नव्हती, पेन्सिल नव्हती. वहीचं तर नावच काढायचं नाही. "आधी बोट, मग खडू, आणि पेन्सिल सगळ्यात शेवटी," असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक पोरापुढं एक जर्मनची थाळी, थाळीत मिठागरावरचं जाडं मीठ पसरलेलं, आणि त्यात बोटानं अक्षर गिरवायचं. चुकलं की थाळी हलवायची. चूक गेली, कोणाला कळलंही नाही. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटायचं आणि अक्षरं वाहून जायची, तेव्हा बाई रवा पसरायच्या, मग मुंग्यांची बालवाडी भरायची. एक पोरगा 'ग' गिरवायचा आणि थाळी हलवायच्या ऐवजी चाटून टाकायचा. त्याची आई भांडायला आली. "अहो बाई, रात्रभर पाणी पाणी करतो हा!" बाई शांतपणे म्हणाल्या, "पण ग येतो की नाही?" आमच्या घरातली रोज दुपारी खाली जाऊन त्यांना मीठ चाळून द्यायची. मी बाजारातून आलो की ताट वाढताना तिच्या बोटांना मीठ लागलेलं असायचं. मी म्हणायचो, "फुकटची हमाली कशाला करतेस? एक हमाल बास आहे घरात." ती म्हणायची, "येडी बाई हाय ती. पर गोड हाय." यापलीकडं तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आम्ही दोघंही जास्त बोलणारी माणसं नव्हतो. आता वाटतं, थोडं बोलायला हरकत नव्हती.

पण बाईंचं खरं वेड म्हणजे गणिताचा तास. तो जिन्यात भरायचा. सकाळी सगळी पोरं एकमेकांचा शर्ट धरून आगगाडीसारखी वर चढायची आणि प्रत्येक दारातल्या चपला मोजायची. दोन चपला म्हणजे एक माणूस. मोजून झालं की पुढचं पोर मोठ्यानं सांगायचं, "इथं चार माणसं!" आणि आतून कोणी तरी ओरडायचं, "बरोब्बर!" तसं ओरडायचंच, असा बाईंचा हुकूम होता. दुसऱ्या मजल्यावर एकदा साडेतीन माणसं निघाली, कारण एक चप्पल कुत्र्यानं पळवली होती. पोरांनी ते अर्धं माणूस शोधायला पलंगाखाली डोकी घातली. सगळ्यात शेवटी बाईंच्या स्वतःच्या दाराशी यायची. तिथं एकच जोड. एका पोरीनं एकदा विचारलं, "बाई, तुमच्याकडं एकच?" बाई म्हणाल्या, "हो तर. एकापासूनच तर मोजायला लागतात ना, राजा?" आणि टाळी वाजवून पोरांना आत घेतलं. त्यांच्या घरी आणखी कोणी का नाही, हे बिल्डिंगमध्ये कोणी विचारलं नाही. म्हणजे एकमेकांत पुष्कळ विचारलं, त्यांना नाही.

मग आमची घरातली गेली. थोडे दिवस ताप, मग दवाखाना, मग काही नाही. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडं नाही. गावाकडून माणसं आली, रडली, जेवली, गेली. तिच्या चपला तेवढ्या दारात राहिल्या. डाव्या चपलेचा पट्टा तुटला होता, तेव्हा तिनं माझ्याच दाभणानं सुतळीचा टाका घातला होता, गोणी शिवतात तसा. तेव्हापासून ती डावी जरा सैल झाली आणि जिन्यात फटक-फटक वाजायची. मला वरून कळायचं, आली. सेक्रेटरीणबाई चांगल्या मनाच्या, पण त्याही म्हणाल्या, "मामा, गेलेल्या माणसाच्या चपला दारात ठेवू नयेत. कोणाला तरी देऊन टाका." गावाहून मेहुणीनं निरोप धाडला तोही तोच. मी म्हटलं, माझं दार, माझ्या चपला, तुमचं काय जातं? माणसं मग नाद सोडतात. बाईंनी मात्र एका शब्दानं काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशीच पोरांची आगगाडी वर आली. पोरांनी मोजलं, "इथं दोन माणसं!" एक आगाऊ पोरगी म्हणाली, "बाई, पण आजी तर..." बाई म्हणाल्या, "चपला किती?" "चार." "मग माणसं किती?" "दोन." बाईंनी दाराकडं बघितलं. आतून मी म्हणालो, "बरोबर." सबंध दिवसात तोंडातून निघणारा माझा तो एकच शब्द असायचा. तेवढ्यासाठी मी सकाळी उठून बसायचो.

असं वर्षभर चाललं. मग सेक्रेटरींच्या घरी पूजा निघाली. तिसऱ्या मजल्यावर ही गर्दी, दाराबाहेर चपलांचा ढीग. आत आरती चाललेली, आणि बाई पोरांना घेऊन प्रसादाला आल्या. ढीग बघून त्यांचे डोळे लकाकले. एवढं शिकवायचं सामान त्यांनी आयुष्यात एका जागी बघितलं नव्हतं. त्या आठवड्यात बालवाडीत डावं-उजवं आणि लहान-मोठं चालू होतं. बाईंनी सांगितलं, डावी चप्पल खालच्या पायरीवर, उजवी वरच्या पायरीवर, लहानाकडून मोठ्याकडं. पोरं कामाला लागली. आरती संपून माणसं बाहेर आली तेव्हा सगळ्या डाव्या चपला तळमजल्यापर्यंत उतरल्या होत्या आणि उजव्या गच्चीवर पोचल्या होत्या. ढीग संपला म्हणून पोरांनी इतर दारांतल्याही आणल्या होत्या. लंगडी घालत माणसं खाली-वर करायला लागली. बँकेतले एक साहेब एका पायात बूट घालून गच्चीत उभे राहून शिव्या देत होते. बाई प्रत्येकाला सांगत होत्या, "ढकलाढकली नाही हं, सगळ्यांना मिळणार!" मी दारात उभा राहून हसत होतो. फार दिवसांनी हसलो. मग खाली बघितलं, तर माझ्या दारात चपलाच नव्हत्या.

माझा जोड मिळाला, गच्चीच्या दाराशी उजवी आणि खाली मीटरबोर्डापाशी डावी. तिचा मिळाला नाही. सगळा जिना मी बघितला. माणसं गेली, जिना रिकामा झाला, आणि मी पायरीवर बसून राहिलो. बाई आल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता, पोर मार खायला उभं राहतं तसा. तेवढ्यात वरून सेक्रेटरी आले. "बाई, उद्यापासून तुमची बालवाडी बंद! अहो, माझ्या पाहुण्यांना लंगडी घालायला लावली!" बाई म्हणाल्या, "बंद करा. पण आधी आजोबांचा जोड सापडू द्या." सेक्रेटरी म्हणाले, "कोणाचा जोड?" मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि आल्या पावली वर गेले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बालवाडी बंद केली नाही. पोरांना जिन्यात आणलं. त्यांची रीत तीच, जोड्या लावायच्या. दारोदार विचारायचं, "तुमच्या चपला तुम्हाला मिळाल्या का?" ज्यांना मिळाल्या ते सुटले. शेवटी जिन्याखाली एक जोड उरला, टायरच्या तळाचा, कडक झालेला, कोणाचाच नव्हता. बाईंनी तो पोरांपुढं ठेवला. "हा उरला आणि आजीचा गेला. मग काय झालं असेल?" पोरं विचारात पडली. तीच आगाऊ पोरगी म्हणाली, "ज्याच्या ह्या आहेत, त्यानं त्या घातल्या." "शाब्बास!" बाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की सेक्रेटरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी टायरच्या चपला बघितल्या आणि कपाळाला हात लावला. "अगो बाई! ह्या तर आमच्या जासईच्या आत्याच्या! गाडी चुकेल म्हणून घाईनं गेली, कोणी तरी जोडून पुढं ठेवल्या त्या पायात घातल्या, डोळ्यालाही कमी दिसतं तिला."

रविवारी आम्ही उरणच्या एस.टी.त बसलो. बाईंच्या पिशवीत आत्याबाईंच्या चपला. बिल्डिंगमधल्या बायका खिडक्यांतून बघत होत्या. एक म्हणालीच, "कुठं निघाली जोडी?" मी म्हटलं, "चपला आणायला. तुला पाहिजेत का?" गाडीत बाईंनी कंडक्टरला किती नीट तिकीट फाडता म्हणून शाब्बासकी दिली. मग पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या. खिडकीतून मिठागरं दिसत होती, काही चालू, काही भराव टाकून बुजवलेली. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "आजोबा, माझी चूक झाली." मी म्हटलं, "हलवा थाळी." त्या हसल्या नाहीत. मीही हसवायला बोललो नव्हतो.

आत्याबाईंचं घर सापडलं. अंगणात सुकट वाळत घातलेली, म्हातारी ओट्यावर बसलेली. "कोन हाय? या, बसा. थांबा, पानी आनते." आम्ही काही बोलायच्या आत ती उठली आणि विहिरीकडं निघाली. पायात तिच्या चपला. म्हणजे माझ्या घरातलीच्या. आणि डावी वाजायला लागली. फटक, फटक, फटक. वर्षभरात मी तो आवाज ऐकला नव्हता. दारात त्या चपला होत्या, रोज मी त्या पुसायचो, पण पुसलेली चप्पल वाजत नाही. मी डोळे मिटून घेतले. म्हातारी पाणी घेऊन आली, पुन्हा तोच आवाज. ओट्यावर पाय पसरून बसली. मिठागरात आयुष्य गेलेले पाय, टाचांच्या भेगांत बोट जाईल एवढ्या. म्हणाली, "पूजेशी गेल्ते, तवा कोनाच्या तरी आल्यात पायान. माज्या चपला लय चावायच्या मना. या नाय चावत. कोनच्या हायत काय म्हाईत, बिचारी शोधीत असंल." बाईंनी पिशवीत हात घातला होता. माझ्याकडं बघत होत्या, अगदी मी गणित सोडवायला बसलोय तशा. मी त्यांच्या हातून टायरच्या चपला घेतल्या आणि म्हातारीपुढं ठेवल्या. ती म्हणाली, "आता! मंग तुमी कशापायी आलाव?" मी म्हटलं, "तुमच्या राहिल्या होत्या, त्या द्यायला." "आन या?" मी म्हटलं, "या तुमच्याच. शोधणारं कोणी नाही. पट्टा सैल झाला तर सुतळीचाच टाका घाला, दुसरा टिकत नाही." बाहेर रस्त्यावर आलो तरी मागून आवाज येत होता, फटक-फटक. कोंबड्यांना हाकलत होती बहुतेक. बाई स्टँडपर्यंत माझ्या दोन पावलं पुढं चालत होत्या. शाब्बास म्हणाल्या नाहीत, तेवढं बरं केलं.

सोमवारी पोरांची आगगाडी वर आली. माझ्या दाराशी थांबली. बराच वेळ कोणी मोजेना. मग तीच पोरगी हळू आवाजात म्हणाली, "दोन चपला. इथं एक माणूस." बाई दाराकडं बघायच्या थांबल्या होत्या, जिन्याच्या कठड्याकडं बघत होत्या. मी आतून म्हणालो, "बरोबर." आवाज नेहमीसारखाच निघाला, मलाच नवल वाटलं.

सेक्रेटरींनी बालवाडी काही लगेच बंद केली नाही, पण पुढं चकचकीत इंग्रजी शाळा निघाल्या, तिथं पहिल्या दिवसापासून वही आणि पेन्सिल. पोरं एकेक करून तिकडं गेली. शेवटी थाळ्या जास्त आणि पोरं कमी झाली. बाई पनवेलच्या बाजूला कुठं तरी गेल्या, तिकडच्या वस्तीत बालवाडी काढायला. जाताना मला एक थाळी देऊन गेल्या. म्हणाल्या, "आजोबा, रोज जेवायचं. ताटात काही टाकायचं नाही." मी मान हलवली, लहान पोरासारखी.

आता गाळ्याला कुलूप असतं. बिल्डिंगमध्ये माणसं पुष्कळ वाढली, पण चपला आता दाराआड ठेवतात, चोऱ्या फार होतात म्हणून. बाहेर काढणारा मी एकटाच उरलोय. रात्री झोपायच्या आधी दार उघडून त्या नीट जोडून ठेवतो, डावी डावीकडं, उजवी उजवीकडं. एखादं पोर चुकून मोजायला आलंच, तर त्याचं चुकू नये.