शेजारच्या सीटवरचं रडणं

कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसायचा. क्वालिटीतला माणूस, केसाएवढ्या फरकावरून पार्ट परत पाठवणारा. चाकणहून बस सुटली की मोबाईलवर जपानी ॲनिमे लावायचा आणि भोसरी येईपर्यंत मुसमुसत राहायचा.

"काय राव, कार्टून बघून रडता?" कुणी हसायचं.

"त्यातली माणसं मरतात हो," एवढंच तो म्हणायचा.

आईचं तेरावं उरकून मी कामावर आलो. तोवर मला रडू आलंच नव्हतं, अंगात नुसता थकवा होता. परतताना त्याने न विचारता एक इअरफोन माझ्या हातात दिला. पडद्यावर एक मुलगी गेलेल्या आईच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. माझा बांध फुटला.

तो उठला आणि मला आपल्या जागेवर सरकवत म्हणाला, "खिडकीकडे तोंड करा. मग कुणी काही विचारत नाही."