सरपंचाचा बॅनर आणि सव्वानऊची बस

खरं सांगू, हे मी लिहिणारच नव्हते. एक तर यातली सगळ्यात मोठी चूक माझीच हाय, आणि दुसरं म्हंजे जिच्याबद्दल लिहून राह्यले तिला सोताबद्दल छापून आलेलं बिलकुल आवडत न्हाई. पण आज सकाळी बसमधी खिडकीला बसले होते, मागून तिचा आवाज आला, "येऊ द्या, येऊ द्या!" आणि मला एकदम रडूच आलं. शेजारची पोरगी म्हणली, "काय झालं गं?" काय सांगू तिला! कॉलेजात उतरले आणि लिहायलाच बसले.

तर गिरिजाबाई. आमच्या करंजवाडीची सरपंच. मी तिला मावशी म्हणते, आमची घरं बौद्धवाड्यात समोरासमोर. माझी आई वीस वर्षांपासून तिच्या टोळीत हाय. निंदणी असो का कापूस येचणी, शेतवाले मावशीला निरोप देतात आणि मावशी पंधरा-वीस बाया घेऊन जाते. आता बाकीच्या टोळीवाल्या पुढं चालतात, मावशी मागं चालते. सगळ्या बाया पातीला, म्हंजे पिकातल्या आपापल्या ओळीला, लागल्या की ही शेवटी. कोणाचं तण राहिलं, कोणाला चक्कर आली, कोणाचं लेकरू बांधावर रडून राह्यलं, ते मागूनच दिसतं म्हणे. जी बाई मागं पडली तिच्या पातीला हात लावते, दोघी मिळून पुढं येतात. मी लहान असताना आईला इचारलं होतं, मावशी म्होरकी हाय तर मागं काऊन? आई म्हणली, "म्हणूनच."

मावशीची पोरगी ज्योत्स्ना. दहावीला अठ्ठ्याहत्तर टक्के! पण अकरावी तीर्थपुरीला, आणि बस थांबायची फाट्यावर, गावापासून तीन किलोमीटर. दोन म्हैने सर्जेरावकाका, म्हंजे ज्योत्स्नाचे वडील, तिला रोज फाट्यापर्यंत सोडायला चालत गेले. मंग काकांचा गुडघा गेला. एकटीला कोण पाठवणार? शाळा सुटली, पुढच्या वर्षी लग्न. मावशी यावर कधी बोलत न्हाई. पण ज्योत्स्नाची ती मार्कशीट अजून तिच्या पेटीत, पोलक्यांच्या खाली ठेवलेली हाय. मी पाह्यलीय.

म्हणून मागच्या निवडणुकीत मावशी उभी राहिली तेव्हा तिनं दारोदारी एकच गोष्ट सांगितली. "गावात बस आणते." भोंगा न्हाई, गाडी न्हाई. एकशे बारा मतांनी आली निवडून! गुलाल आमच्या केसातून आठ दिवस जाईना.

निकालाच्याच दिवशी भागवतदादा आला. तीर्थपुरीचा हाय, मोबाईलवर बातम्यांचं चॅनेल चालवतो. माईक मावशीच्या तोंडापुढं धरला.

"ताई, विजयाबद्दल काय वाटतं?"

"अजून काय केलंच न्हाई दादा, काय सांगू? बस आली की या."

"अहो ताई, बातमी आज लागती! बस कव्हा येईन काय माहीत!"

"मंग कव्हा येईन ते माहीत झाल्यावर या. चहा घेता का?"

भागवतदादा चहा पिऊन गेला आणि पुढं उपसरपंच झालेल्या सोमेश्वरभाऊंची मुलाखत लावली. सोमेश्वरभाऊ म्हंजे दुसऱ्या पॅनलचे, बोलायला एकदम तयार. पांढरा शर्ट नेहमी कडक. मंग रोज तेच. नालीपाशी सोमेश्वरभाऊ, टाकीपाशी सोमेश्वरभाऊ, झाडाला पाणी घालताना सोमेश्वरभाऊ. आणि मावशी? मावशी डेपोत चकरा मारून राह्यली होती. सकाळी अर्ज घेऊन जायची, दुपारी येऊन निंदायला जायची.

गावात लोक बोलायला लागले. पारावरचे तर उघड म्हणायचे, "सरपंच कोण हाय आपला? सोमेश्वरच ना?" कोणी म्हणायचं, "बाई मुकी हाय काय?" मला इतका राग यायचा! मी मावशीला म्हणले, "मावशी, सगळे नवे निवडून आलेले लाइव्ह करून राह्यलेत. तू दिसलीच न्हाईस तर लोक इसरतील तुला."

"मी दिसून काय करू पायल? लोकायला बस दिसली पाह्यजे."

"पण श्रेय दुसराच नेईन!"

"नेऊ दे. बस तर न्हाई ना नेणार?"

अशी उत्तरं देते. मला पटलं न्हाई. मला वाटतं तेव्हा करून टाकायची खोड हाय. मला बाबा सायकलवर फाट्यापर्यंत सोडायचे म्हणून माझं कॉलेज चालू होतं, पण त्या वर्षी आमच्या गावातल्या पाच पोरी दहावी पास झाल्या होत्या. त्यातल्या एकीचे वडील सरळ म्हणले होते, प्रवेशाची तारीख संपायच्या आत बस आली तर कॉलेज, न्हाई तर पाहुणे पाहून ठेवलेत. बाकीच्या घरांतबी तेच चाललं होतं. मला वाटलं, मावशीचं नाव झालं की डेपोवाले घाबरतील, जल्दी बस देतील. मी कॉलेजातल्या पोरापोरींना गोळा केलं आणि मावशीला न इचारता चौकात बॅनर लावला. साधा न्हाई. बारा फुटी! लोखंडी सांगाडा, खाली खड्डा खोदून सिमेंटात बसवलेला. मावशीचा फोटो दोन्ही हात जोडलेला, निकालाच्या दिवशीचा, मोबाईलमधला मोठा करून. खाली माझं नाव, शुभेच्छुक.

आता आमच्या चौकाची गोष्ट अशी हाय की तिथं आधीच दोन सांगाडे होते. एक सोमेश्वरभाऊंचा, एक माजी सरपंच रामरावबापूंचा. रामरावबापूंच्या वाढदिवसाचा बॅनर तर उन्हानं इतका उडाला होता की नुसत्या मिशा राहिल्या होत्या. पण आमच्याकडं दुसऱ्याच्या बॅनरला कोणी हात लावत न्हाई. हात लावला की भांडण, भांडण झालं की दोन घरं चार वर्षं बोलत न्हाईत. म्हणून मी उरलेला एकच मोकळा कोपरा पाह्यला आणि तिथं आमचा ठोकला. मावशीनं पाह्यलं, डोक्याला हात लावला, पण पोरांचं मन मोडू नये म्हणून काई बोलली न्हाई. "मोठा झाला गं," एवढंच.

चौथ्या दिवशी बस आली!

चाचणीची बस होती. डेपोतले एक साहेब सोबत. सगळं गाव चौकात. लेकरं बसमागं पळून राह्यली, मी तर उड्या मारून राह्यले. चौकात बस वळवून परत जायची, ती बराबर वळली की रोजची फेरी मंजूर. ड्रायव्हरनं पुढं घेतली, मागं घेतली, पुन्हा पुढं घेतली. एका बाजूला सोमेश्वरभाऊ, एका बाजूला रामरावबापूंच्या मिशा, आणि मागं, बराबर जिथं बसचं बूड यायला पाह्यजे तिथं, आमचा बारा फुटी. करकर आवाज झाला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला.

साहेब खाली उतरले. त्यांनी बॅनरकडं पाह्यलं. "गाडी वळत न्हाई इथं. पुढच्या गुरुवारी अजून एकदाच येऊ, त्यानंतर वेळापत्रक पक्कं व्हतंय. हा फोटो कोणाचा हाय?"

मी पोरांच्या मागं सरकले. गर्दीतून मावशी पुढं आली, पदर सावरला.

"माझाच हाय, साहेब."

कोणी हसलं. मंग सगळेच हसले. बस तशीच रिव्हर्स घेत घेत गावाबाहेर गेली, आणि त्या पाच पोरी बसकडं पाहत उभ्या होत्या ते मी कधी इसरणार न्हाई. मी मावशीकडं पळाले, "मावशी, माझ्यामुळं," आणि रडायलाच लागले.

ती म्हणली, "रडणं नंतर. पहार आण."

तिथंच, त्याच वेळी, सगळ्या गावासमोर तिनं सोताचा बॅनर काढायला घेतला. सिमेंट कच्चंच होतं. टोळीतल्या बाया धावल्या. द्वारकाबाई म्हणून एक हायेत, आमच्या शेजारच्या, तोंडाच्या लई तिखट. त्या सांगाडा हलवता हलवता म्हणल्या, "सरपंचबाई, निवडून आणायला एवढा जोर न्हाई लागला गं तुला, पाडायला लागून राह्यला!" मावशी हसली. मी हसत रडत खणून राह्यले होते.

तेवढ्यात भागवतदादा मोबाईल काढून पळत आला. "ताई, थांबा थांबा! सोताचा बॅनर पाडणारी सरपंच! महाराष्ट्रभर चालते बातमी. पुन्हा एकदा पहार मारा!"

मी तर म्हणणार होते, घे दादा घे! पण मावशीनं पहार खाली टेकवली.

"बंद कर भागवता."

"अहो पण..."

"आईक. तू हे दाखवलं की सोमेश्वरभाऊचा बॅनर कधीच निघत न्हाई. उद्या सगळे म्हणतील, बाईनं काढला, याचा काऊन उभा? मंग तो हट्टाला पेटतो. कॅमेऱ्यापुढं माणसाला मागं सरता येत न्हाई. मला त्याला मागं सरायला जागा ठेवायची हाय. बसलाबी आणि त्यालाबी."

भागवतदादानं मोबाईल खिशात टाकला. मी तिच्याकडं पाहतच राहिले. निंदायला जाणारी आमची मावशी, आणि तिला हे कळत होतं जे मला इतकं शिकून कळलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन सोमेश्वरभाऊंच्या घरी गेली. ओसरीवर बसलो. बॅनरचं नावच काढलं न्हाई तिनं. पोरींच्या प्रवेशाची तारीख सांगितली, ज्योत्स्नाच्या मार्कशीटची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा! मी तिच्या तोंडून ती गोष्ट तेव्हाच ऐकली. सोमेश्वरभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला.

मंग म्हणले, "वहिनी, नारळ मात्र मी फोडणार."

"फोडा की. दोन फोडा."

बुधवारी सकाळी सोमेश्वरभाऊंनी सोताच पाना घेऊन आपला सांगाडा खोलला. ते पाहून रामरावबापूंनी माणूस पाठवून मिशाबी उतरवल्या. चौक इतका मोठा हाय हे मला एकोणीस वर्षांत कळलंच नव्हतं!

गुरुवार. बस आली. सोमेश्वरभाऊ नवा शर्ट घालून पुढं, हातात दोन नारळ. भागवतदादा त्यांच्यापुढं कॅमेरा धरून. ड्रायव्हरनं बस वळवायला घेतली आणि मागून आवाज आला, "येऊ द्या, येऊ द्या... अजून येऊ द्या... बास!" आणि पत्र्यावर थाप. मावशी! बसच्या मागं उभी राहून, एका हातानं लेकरांना बाजूला सारत, दुसऱ्या हातानं थाप मारत. बस एका दमात वळली. एका दमात! साहेबांनी कागदावर सही केली, आणि मी इतक्या जोरात ओरडले की झाडावरचे कावळे उडाले.

पाचही पोरी चढल्या. शेवटची चढली ती, जिच्या वडलांनी पाहुणे पाहून ठेवले होते तीच. वडलांनी सोता तिची पिशवी आत दिली.

त्या दुपारीच बातमी आली. मथळा: उपसरपंचांच्या प्रयत्नांना यश. दोन मिनिटांचा व्हिडिओ, मावशी कुठंच न्हाई. फक्त नारळ फुटताना मागं एक आवाज ऐकू येतो, येऊ द्या, येऊ द्या. मी रागारागानं तिला मोबाईल दाखवला. तिनं दोनदा पाह्यला.

"आवाज चांगला आलाय की गं माझा," म्हणली.

आता गावात कोणालाबी इचारा, बस कोणी आणली. पारावरचेबी मावशीचंच नाव घेतात. कारण व्हिडिओ गावानं दोन दिवस पाह्यला, बस आणि बसमागची मावशी रोज पाहतात. नव्या निवडून आलेल्यांनी चमकावं का न चमकावं, यावर आमच्या वर्गात मोठी चर्चा झाली. सर म्हणले, काम दाखवावं लागतं. बरोबर हाय. पण कामाच्या आधी दाखवायला फक्त तोंडच असतं ना, आणि ते तोंड आमच्या चौकात बसच्या आडवं आलं होतं. माझ्याच हातानं.

बॅनरचं कापड द्वारकाबाईंनी शेळ्यांच्या खोपटावर टाकलंय. मावशी तिथून हात जोडून आभाळाकडं पाहते. पाण्याचा थेंब आत येत न्हाई. "सरपंचबाई कामाला आली," द्वारकाबाई सगळ्यांना सांगतात.

ज्योत्स्ना मागच्या म्हैन्यात माहेरी आली ती त्याच बसनं, कडेवर लेकरू घेऊन. चौकात उतरली. मायलेकी एकमेकींकडं पाहून नुसत्या हसल्या. आता ती बाहेरून बारावीचा फॉर्म भरून राह्यली हाय!

तर तुमी आमच्या मावशीला भेटा. तीर्थपुरीवरून येणारी गाडी धरा, सव्वानऊला चौकात वळते. शाल आणू नका, नारळ आणू नका. उतरल्यावर पुढं पाहू नका, बसच्या मागं जा, ती तिथंच असती. पण जल्दी या. कापूस फुटून राह्यला हाय, येचणी सुरू झाली की ती बस वळवून लगेच रानात जाते, आणि रानात तिला शोधायचं म्हंजे तुमाला सगळ्यात शेवटच्या पातीपर्यंत चालावं लागंन.