खांबाजवळची लादी

शाळेतल्या नोकरीत पोरं दरवर्षी पास होऊन निघून जातात, किस्से मात्र नापास झाल्यासारखे त्याच बाकावर बसून राहतात. मी कळंबकडच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. आता रिटायर आहे, बोलायला सवड आहे आणि तुम्ही चहा घेतल्याशिवाय उठणार नाही हेही ठाऊक आहे. तर ऐका. बहुतेक किस्से आमच्या वर्तक सरांचे, साठ-सत्तर सालांतले.

* * *

वर्तक सर शिकवायचे भूगोल, पण जीव सगळा दगडांत. एकदा त्यांनी विहिरीचा दोर सोडून आणला आणि मैदानात पसरला. पंचेचाळीस हात! "एक हात म्हणजे दहा कोटी वर्षं. हे टोक पृथ्वीचा जन्म. चला!"

पोरं दोराच्या कडेनं निघाली. चाळीस हात संपत आले तरी डोळ्यांना दिसेल असा प्राणी नाही. डायनोसोर आले शेवटच्या अडीच हातांत आणि शेवटच्या हातात खलाससुद्धा झाले. आपले डोंगर ज्या लाव्ह्याचे, तोही त्याच सुमाराला वाहिला.

"आणि माणूस कुठंय, सर?"

दोराचं शेवटचं टोक शेवीच्या चिमटीत होतं. शेवी म्हणजे शाळेत शिपाईकाम करणाऱ्या भागीमावशीची पाच वर्षांची पोर. आईचं बोट धरून रोज पोशीरहून यायची. सर म्हणाले, "अख्खी माणूसजात हिच्या चिमटीत!"

शेवीनं टोक आणखी घट्ट धरलं. तेवढ्यात मावशी कळशी घेऊन आली. "सर, दोर द्या बगू. तुमची पृथ्वी थांबंल, पोरं तहानंली हायत!"

* * *

एकदा पोरांनी खाणीतून एक फुटका दगड आणला. आत काळंभोर नेच्याचं पान, शिरांसकट! सर तो उजेडात धरून ओरडले, "लाव्ह्याच्या दगडात जीवाश्म! आपल्या तालुक्यात!" मला तीन वेळा त्याचं चित्र काढायला लावलं आणि ते पुण्याच्या त्यांच्या जुन्या प्रोफेसरांना पाठवलं. उत्तर येईपर्यंत आम्ही सरांना शास्त्रज्ञ म्हणून चिडवत होतो.

उत्तर आलं. ते पान नव्हतंच. दगडाच्या फटीत खनिजाचं पाणी मुरलं की अशी नक्षी उमटते म्हणे. सरांनी पत्र वाचलं, घडी केली आणि तासाला गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "चित्र छान काढलं होतंत हो तुम्ही."

त्यांना चिडवल्याची मला अजून लाज वाटते.

* * *

पुढच्या उन्हाळ्यात शाळेच्या वऱ्हांड्याला सिमेंटचा कोबा झाला. देखरेख माझ्याकडे. मी वहाणा काढून, काठी घेऊन राखण करतोय आणि शेवी आईला हाका मारत ओल्या कोब्यावरून धावत आली!

असा ओरडलो मी तिच्यावर. "डोळे फुटले का गं तुझे?" पोरगी जागच्या जागी थिजली. रडलीसुद्धा नाही. गवंड्यानं थापीनं पावलं पुसली, खांबाजवळचं एक तेवढं नजरेतून सुटलं.

त्याच श्रावणात शेवीला ताप भरला. फरशीपुलावरून पाणी चाललेलं, कर्जतच्या दवाखान्यात नेता आलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली. मी तिच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य तेच. यात हसण्यासारखं काही नाही, पण हाही किस्सा बाकावरून उठत नाही.

* * *

सर आठवीला जीवाश्म शिकवायचे. "मऊ चिखल लागतो. त्यावर ठसा उमटतो, वर गाळ बसतो, झाकलं जातं, म्हणून टिकतं." आणि धड्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं, "आपल्या तालुक्यात जीवाश्म सापडत नाहीत."

त्या वर्षी मी मागे चार्ट टांगत होतो. मावशी नोटिशीची वही घेऊन दारात उभी होती. "सर, इचारू का? जीव ग्येला आनि निस्तं पाऊल ऱ्हायलं, तरी त्याला त्येच म्हनायचं?"

"हो मावशी. पावलाचा ठसाही जीवाश्मच."

"मंग सापडत नाय असं नका सांगू पोरांना."

वर्ग हसला. सरही हसले. मी मात्र चार्ट तसाच धरून उभा राहिलो. मधल्या सुट्टीत त्यांना खांबाजवळ नेलं आणि खाली बोट दाखवलं. त्यानंतर धड्यातलं ते वाक्य सरांनी कधीच उच्चारलं नाही.

* * *

दहा-बारा वर्षांनी कमिटीनं ठरवलं, वऱ्हांड्याला शहाबादी लादी बसवायची. लादी धरावी म्हणून गवंडी छिन्नीनं जुन्या कोब्याला टोचे मारत निघाला. खांबापाशी येतो तर मावशी तिथे बसलेली. उठेचना! हेडमास्तर ओरडून दमले. शेवटी मी सरांना बोलावून आणलं.

"सर, तुमीच सांगता ना, झाकलं म्हंजी टिकतं?"

सर तिच्यासमोर उकिडवे बसले. "टिकतं, मावशी. पण वर मऊ गाळ हवा. सिमेंट नको."

मावशी उठली, नदीवर गेली आणि घमेलंभर गाळ घेऊन आली. वस्त्रगाळ केल्यासारखा बारीक. तिनंच तो हातानं पसरला. गवंडी कुरकुरला, "मास्तर, ही लादी डुगडुगंल."

"डुगडुगू दे," मी म्हणालो. शाळेत मी केलेलं तेवढंच एक बरं काम.

* * *

लादी डुगडुगलीच. मुलं मुद्दाम उड्या मारायची, पाहुणे अडखळायचे. दोन हेडमास्तरांनी ती पक्की करायला माणूस बोलावला. दोन्ही वेळा सरांनी त्याला चहा पाजून परत पाठवला.

मावशी रिटायर झाली तेव्हा सर नव्हते, आदल्या वर्षीच वारले. नारळ आणि लुगडं घेऊन ती निघाली. मी फाटकापर्यंत सोडायला निघालो होतो. खांबापाशी ती थांबली, चप्पल काढली आणि अंगठ्यानं लादी हलकेच दाबली. लादी हलली.

"हाय," मावशी म्हणाली आणि चप्पल घालून चालू लागली.