एसटीतला प्रश्न

कापसाच्या त्या वाईट वर्षांत तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशक बाई येऊ लागल्या. मला चार लोकांत तोंड उघडायची भीती वाटे. ठरलेल्या नवऱ्यासमोरही मी नुसती मान डोलावली होती. बाई म्हणाल्या, "एसटीत मोठ्यानं काहीतरी विचार. लोक हसले तर हसू दे."

घाटंजीच्या स्टँडवर भरल्या गाडीत चढून मी ओरडले, "ही गाडी घाटंजीले जाते का?"

"ताई, घाटंजीतच उभी हाय!" कंडक्टर म्हणाला.

अख्खी गाडी हसली. मीही पोट धरून हसले आणि हसतच उतरून फोनच्या बूथवर जाऊन ठरलेल्या नवऱ्याला फोन लावला.

"कोन बोलून राह्यलं?" त्यानं विचारलं. माझा आवाज त्यानं ऐकलाच नव्हता!

"मीच बोलून राह्यली. आता तुम्ही आयका," म्हणत मी जी सुरू झाले, ती बूथवाल्यानं काच वाजवेपर्यंत थांबलेच नाही.